ॲपवरचे काम : मिळते कसे आणि उरते किती

घरात दुचाकी आहे, हातात मोबाईल आहे, खिशात वाहन चालवण्याचा परवाना आहे; मग ॲपवर नाव नोंदवून डिलिव्हरीचे काम धरले तर घर चालेल का, हा प्रश्न आज सोलापुरातील अनेक घरांत विचारला जातो. विचारणाऱ्यांत महाविद्यालयात शिकणारा मुलगा असतो, यंत्रमागावरची पाळी सुटलेला मध्यमवयीन कामगार असतो आणि दिवसा दुकानात काम करून संध्याकाळचे चार तास कारणी लावू पाहणारा तरुणही असतो. त्यांना बहुधा दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक सांगतो की महिन्याला वीस-पंचवीस हजार सहज सुटतात, तर दुसरा सांगतो की पेट्रोलसुद्धा निघत नाही. या दोन्ही उत्तरांत हिशेब नसतो, आणि ज्या कामात भांडवल, जोखीम आणि मेहनत हे सारे कामगाराचे असते, ते काम हिशेबाशिवाय धरणे धोक्याचे ठरते. म्हणून हे काम कोणत्या स्वरूपाचे आहे, ते सोलापुरात कोठे मिळते, त्यातून हातात काय राहते आणि कायदा कामगाराच्या पाठीशी कितपत उभा आहे, हे या प्रकरणात क्रमाने पाहायचे आहे.

१. गिग काम म्हणजे काय

महिन्याचा पगार न ठरवता एकेका कामाचा वेगळा मोबदला देऊन जे काम करून घेतले जाते, त्याला आज गिग काम म्हणतात. एक पार्सल पोहोचवले की त्याचे पैसे, एक प्रवासी सोडला की त्याचे पैसे, एक पंखा दुरुस्त केला की त्याचे पैसे, असा हा व्यवहार असतो. भारतीय संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या प्रथमच आली. मालक आणि नोकर यांच्या रूढ नात्याबाहेर राहून काम करणारी व कामाच्या व्यवस्थेत भाग घेऊन त्यातून कमाई करणारी व्यक्ती म्हणजे गिग कामगार, असा तिचा आशय आहे. हेच काम ऑनलाइन व्यासपीठाच्या, म्हणजे ॲपच्या, मार्फत मिळत असेल तर त्या कामगाराला ‘प्लॅटफॉर्म कामगार’ म्हटले जाते, आणि ग्राहक व काम करणारा यांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीला ‘ॲग्रिगेटर’ हे नाव दिले गेले आहे.

नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे सुमारे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ती संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. एवढ्या माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न असल्यामुळे या कामाचे स्वरूप नीट समजून घेणे ही आता केवळ उत्सुकतेची बाब राहिलेली नाही.

२. ॲप नेमके काय करते

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा घेऊन येणारा शेतकरी अडत्याला ओळखतो. माल शेतकऱ्याचा असतो, पैसा खरेदीदाराचा असतो आणि दोघांना एकत्र आणून व्यवहार पुरा करून देणाऱ्या अडत्याला त्याची अडत, म्हणजे कमिशन, मिळते. ॲपही वरवर पाहता हेच काम करते. ग्राहकाला जेवण हवे असते, हॉटेलकडे जेवण असते, दुचाकीस्वाराकडे वेळ आणि वाहन असते. ॲप तिघांची गाठ घालते आणि प्रत्येक व्यवहारातून आपला वाटा ठेवते.

परंतु अडत्या आणि ॲप यांच्यात तीन मोठे फरक आहेत. पहिला फरक भावाचा. बाजार समितीत लिलाव उघड्यावर होतो, बोली सर्वांच्या कानावर पडते आणि भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो; ॲपवर मात्र एका ऑर्डरला किती पैसे द्यायचे हे कंपनी एकटी ठरवते आणि ते दर कामगाराशी न बोलता बदलूही शकते. दुसरा फरक कामाच्या वाटपाचा. कोणती ऑर्डर कोणाला द्यायची हे संगणकाला घालून दिलेल्या नियमांची मालिका, म्हणजे अल्गोरिदम, ठरवते. त्यात अंतर, वेळ, ग्राहकांनी दिलेले गुण आणि आधी नाकारलेल्या ऑर्डरी अशा अनेक गोष्टी मोजल्या जातात, पण कशाला किती वजन आहे हे कामगाराला दिसत नाही. तिसरा फरक वहीचा. सारा हिशेब कंपनीच्या संगणकात राहतो आणि तिने दाखवले तेवढेच कामगाराला दिसते.

मध्यस्थावर नियम घालता येतात, हेही बाजार समितीच्याच अनुभवातून दिसते. फळे व भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून घेण्याची जुनी पद्धत महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये बदलली आणि ती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यवहाराच्या अटी निसर्गाने ठरवून दिलेल्या नसतात. त्या माणसे ठरवतात आणि माणसांनाच बदलता येतात.

३. सोलापुरात कोणते काम मिळते

अशा कामांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला गट तयार जेवण पोहोचवण्याचा असून स्विगी आणि झोमॅटो ही त्यातील परिचित नावे आहेत. या कामाला दिवसातून दोनदा भरती येते, एकदा दुपारी जेवणाच्या वेळी आणि एकदा सायंकाळी सात ते अकराच्या दरम्यान. हॉटेले मुख्यतः सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, विजापूर रोड, होटगी रोड अशा भागांत दाट आहेत आणि जुळे सोलापूरसारख्या नव्या वसाहतींतून मागणी येते, त्यामुळे या पट्ट्यात थांबणाऱ्याला ऑर्डर मिळण्याचा संभव अधिक असतो. उलट शहराच्या कडेच्या वस्तीत नेऊन दिलेली ऑर्डर परतीच्या वाटेवर रिकामी फेरी घडवते, आणि त्या रिकाम्या अंतराचे पैसे बहुधा सुटे मिळत नाहीत.

दुसरा गट पार्सलांचा. ऑनलाइन खरेदी केलेल्या वस्तू शहरातील गोदामातून सकाळी थैलीत भरून दिल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत ठरलेल्या भागात वाटायच्या असतात. येथे दर पार्सलमागे असतो. एकाच गल्लीत अनेक घरे होतात म्हणून पेट्रोल कमी जळते. मात्र थैली जड असते, ग्राहक घरी नसला तर फेरी फुकट जाते आणि पूर्व भागातील दाट पेठांत पत्ता शोधण्यातच वेळ मोडतो. साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगर या भागांतील गल्ल्या ज्याच्या पायाखालच्या आहेत, त्याला या कामात बाहेरून आलेल्यापेक्षा निश्चितच सोपे जाते.

तिसरा गट प्रवासी वाहतुकीचा. सोलापूरला पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि गाणगापूर या तीर्थक्षेत्रांच्या फेऱ्यांमुळे भाड्याच्या गाड्यांचा जुना व्यवसाय आहे आणि त्यातील पुष्कळ काम आजही फोनवर, ओळखीने आणि ट्रॅव्हल्सच्या कार्यालयांतून ठरते. रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाऱ्याला परिवहन विभागाचा परवाना आणि चालकाचा बॅज लागतो. दुचाकीवरून प्रवासी नेण्याबाबत मात्र गैरसमज फार आहेत. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १ एप्रिल २०२५ रोजी मान्यता दिलेल्या आणि त्याच वर्षी नियमांत उतरलेल्या धोरणानुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत केवळ विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सीला परवानगी आहे आणि एका फेरीचे अंतर १५ किलोमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणून पांढऱ्या पाटीच्या खासगी पेट्रोल दुचाकीवर पैसे घेऊन प्रवासी बसवणे नियमात बसत नाही, मग ॲपवर नोंदणी झालेली असो वा नसो.

चौथा गट घरपोच सेवांचा, म्हणजे वीजजोडणी, नळकाम, वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती, सौंदर्यसेवा, स्वयंपाक इत्यादींचा. मोठ्या सेवा-ॲपांचा जोर पुण्या-मुंबईत असल्यामुळे सोलापुरातील कारागिराला काम अजून मुख्यत्वे ओळखीतून, दुकानदाराच्या शिफारशीवरून आणि व्हॉट्सॲपवरून मिळते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे घरी करून विकणाऱ्या महिलांचा व्यवहारही असाच चालतो. या गटात कौशल्य कामगाराचे आणि ग्राहकही त्याच्या स्वतःच्या वहीतला असतो. त्यामुळे दर ठरवण्याची मोकळीक येथे डिलिव्हरीपेक्षा अधिक राहते. ज्याच्या हाती एखादे कसब आहे, त्याने डिलिव्हरीकडे वळण्याआधी त्या कसबाचा विचार करावा, एवढे या तुलनेतून निश्चित सांगता येते.

४. नाव नोंदवताना

डिलिव्हरीसाठी साधारणपणे आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना, वाहनाचे नोंदणी पुस्तक, विमा, बँक खाते आणि छायाचित्र मागितले जाते. ॲप नेहमी मोबाईलच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. नोकरी लावून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा निरोप एखाद्या अनोळखी क्रमांकावरून आला तर तो फसवणुकीचा समजावा. काही कंपन्या पिशवी आणि टी-शर्ट यांची रक्कम घेतात, पण ती ॲपमध्ये लेखी दाखवलेली असते किंवा कमाईतून वळती होते. कोणा व्यक्तीच्या खात्यावर ती पाठवायची नसते. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत ती रक्कम फसवणाऱ्याच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते.

आणखी एक चूक सर्रास होते. ज्याची कागदपत्रे अपुरी असतात तो दुसऱ्याच्या नावाचा आयडी, म्हणजे ॲपवरचे खाते, भाड्याने घेतो. असे केल्याने केलेल्या कामाची नोंद भलत्याच्या नावावर जमा होते आणि अपघात झाला तर कंपनीचा विमा, सरकारी योजना आणि पोलिसांतील जबाब या तिन्ही ठिकाणी खरा काम करणारा माणूस कागदावर नसतोच. कागदपत्रे पुरी होईपर्यंत थांबणे हेच शहाणपणाचे आहे.

५. हातात किती राहते : एक हिशेब

एकूण कमाई आणि निव्वळ कमाई यांतील फरक हा या प्रकरणाचा गाभा आहे. पुढील उदाहरणातील आकडे केवळ गणित समजण्यासाठी गृहीत धरलेले असून प्रत्येकाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, एक तरुण दिवसाला १० तास ॲप चालू ठेवतो. त्याला १६ ऑर्डरी मिळतात आणि प्रत्येकी सरासरी ४० रुपये पडतात, म्हणजे ६४० रुपये झाले. ठरलेली संख्या पुरी केल्याबद्दलची जादा रक्कम, जिला इन्सेंटिव्ह म्हणतात, १०० रुपये मिळाली. एकूण ७४० रुपये. या कामात हॉटेलपर्यंत जाणे, ग्राहकापर्यंत पोहोचणे आणि रिकामे परतणे धरून त्याची दुचाकी ९० किलोमीटर धावली.

आता खर्च. लिटरला ४५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला २ लिटर पेट्रोल लागले. १०५ रुपये दराने ते २१० रुपये झाले. ऑइल, टायर, ब्रेक, चेन यांचा खर्च दर किलोमीटरला ६० पैसे धरला तर ५४ रुपये होतात. मोबाईलचा रिचार्ज दिवसाला १५ रुपये. राहिली गाडीची झीज, जी सहसा कोणी मोजत नाही. ९० हजारांना घेतलेली दुचाकी ६० हजार किलोमीटर धावल्यावर ३० हजारांना विकली गेली, तर ६० हजार रुपये ६० हजार किलोमीटरवर जिरले, म्हणजे दर किलोमीटरला १ रुपया. त्या दिवसाची झीज ९० रुपये झाली. सगळा खर्च मिळून ३६९ रुपये होतो आणि हातात ३७१ रुपये राहतात.

म्हणजे तासाला ७४ रुपये वाटणारी कमाई प्रत्यक्षात ३७ रुपये आहे. महिन्यात २६ दिवस काम केले तर मोबाईलच्या पडद्यावर १९,२४० रुपये दिसतील, पण त्या माणसाच्या श्रमाचे मोल ९,६४६ रुपयेच असेल. केवळ पेट्रोल वजा करणाऱ्याला दिवसाला ५३० रुपये सुटल्यासारखे वाटते. झिजेचे पैसे तो रोज खर्चून टाकतो आणि दोन वर्षांनी नवी गाडी घ्यायची वेळ आली की पुन्हा कर्जाचा हप्ता सुरू होतो. कमाईच्या दोन परस्परविरोधी कहाण्या कानावर का येतात याचे उत्तर येथे आहे. एक जण पडद्यावरचा आकडा सांगतो आणि दुसरा सर्व खर्च भोगल्यानंतरचा.

या हिशेबावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, ऑर्डरींच्या संख्येपेक्षा दर किलोमीटरला मिळणारी रक्कम महत्त्वाची आहे. वरील उदाहरणात ती ८ रुपये २२ पैसे आहे आणि खर्च दर किलोमीटरला ४ रुपये १० पैसे. दोन, ऑर्डरीची वाट पाहत हॉटेलच्या दारात गेलेला वेळ हाही कामाचाच वेळ असून तो तासांत धरला पाहिजे, मग त्याचे पैसे मिळोत वा न मिळोत. तीन, इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असल्याने घरी चार्ज होणारी विजेची स्कूटर दिवसाचा खर्च बराच उतरवू शकते. मात्र तिची किंमत आणि बॅटरीचे आयुष्य झिजेच्या हिशेबात घातल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

रोखीच्या ऑर्डरींमुळे आणखी एक घोटाळा होतो. ग्राहकाने दिलेली नोट खिशात पडली की ती कमाई वाटते, परंतु ते कंपनीचे येणे असते आणि नंतर भरावे लागते किंवा कमाईतून कापले जाते. संध्याकाळी खिशात किती आहे यावरून दिवस चांगला गेला असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते. कंपनीची रोकड वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

६. सेकंदांत घ्यायचा निर्णय, आणि बंद पडणारा आयडी

ऑर्डर येते तेव्हा मोबाईल मोठ्याने वाजू लागतो. पडद्यावर हॉटेलचे नाव, तिथपर्यंतचे अंतर, पुढे ग्राहकापर्यंतचे अंतर आणि मिळणारी रक्कम दिसते; खाली एक पट्टी सेकंदासेकंदाने आखूड होत जाते आणि ती संपण्याआधी बोटाने पट्टी सरकवून होकार द्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरत असताना हा निर्णय घ्यायचा असतो. दर किलोमीटरचा हिशेब आधीच डोक्यात पक्का असेल तरच तो बरोबर पडतो. म्हणून आपल्या गाडीला दर किलोमीटरला किती खर्च येतो हा एक आकडा प्रत्येक रायडरला, म्हणजे डिलिव्हरी करणाऱ्या दुचाकीस्वाराला, तोंडपाठ असावा.

नकार दिल्यास पुढच्या ऑर्डरींवर परिणाम होईल ही भीती मात्र खरी असते. ग्राहकांच्या गुणांवरून, उशिरावरून किंवा एखाद्या तक्रारीवरून आयडी बंद होऊ शकतो आणि त्या दिवसापासून काम थांबते. नोकरीतून काढताना लागणारी नोटीस, चौकशी, बाजू मांडण्याची संधी यांपैकी काहीही येथे आपोआप मिळत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात हीच उणीव भरून काढली आहे. तेथे काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील विजयपूरच्या रायडरला जे संरक्षण कायद्याने मिळते, ते सोलापूरच्या रायडरलाही मिळाले पाहिजे, कारण दोघांचे काम, धोका आणि ॲप एकच आहे.

७. अपघात झाला तर

वाहनाचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई करणारा विमा, कायद्याने सक्तीचा आहे. पण त्याने रायडरचा स्वतःचा दवाखान्याचा खर्च भागत नाही. शिवाय खासगी वाहनाच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते आणि व्यवसायासाठी वापर झाल्याचे कारण दाखवून गाडीच्या नुकसानीचा दावा अडवला जाऊ शकतो. पॉलिसीचे ते कलम वाचून विमा प्रतिनिधीकडून डिलिव्हरीच्या वापराबद्दल लेखी खुलासा घेणे योग्य ठरते. अनेक कंपन्या अपघात विमा देतात. त्यात बहुधा ॲप चालू असल्याच्या किंवा ऑर्डर हाती असल्याच्या काळाचीच अट असते, म्हणून तीही आधी वाचावी.

याखेरीज दोन सरकारी योजना अल्प खर्चात आधार देतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते आणि प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी तेवढेच संरक्षण मिळते. बँक खात्यावरून या दोन्ही योजना सुरू करता येतात. घरातला कमावता माणूस दिवसभर रस्त्यावर असताना ४५६ रुपयांचा हा वार्षिक खर्च टाळणे कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही.

८. सोलापूरने हे आधीही पाहिले आहे

नगावर मजुरी, मालक समोर नाही, साधने कामगाराची आणि नोकरीचा कागद नाही, ही परिस्थिती सोलापूरला नवी नाही. पूर्व भागातील घराघरांत विडी वळणाऱ्या स्त्रियांनी ती कित्येक पिढ्या अनुभवली आहे. मांडीवर सूप घेऊन तेंदूचे पान मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून ते वळायचे, टोके दुमडून दोरा बांधायचा आणि हजार विड्या झाल्या की त्यांची मजुरी मिळायची. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जायचे. या बाया घरी बसून काम करतात, तेव्हा त्या आमच्या कामगार कशा, असा विडी कारखानदारांचा युक्तिवाद होता.

संसदेने १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीलाही कामगाराच्या व्याख्येत घेतले. कारखानदारांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये, मंगलोर गणेश बीडी वर्क्स या खटल्यात, फेटाळले. १९७६ च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला, ओळखपत्रे मिळाली आणि त्या ओळखपत्रावर मुलांच्या शिष्यवृत्तीपासून घरकुलापर्यंतचे हक्क आले. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये विडी कामगार महिलांना मिळाली. त्याच कुंभारीतील रे नगर येथे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित झाली. या घरांच्या मागे माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ चालवलेला लढा आहे.

दुसरे उदाहरण माथाडी कामगारांचे. हमालाला रोज नवा व्यापारी, रोज नवी गाडी. मग त्याचा मालक कोण, या पेचावर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर काढले. त्यासाठी अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी मोठा संघर्ष केला. या कायद्यानुसार कामगार आणि मालक या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते. मालक मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्के रक्कम, जिला लेव्ही म्हणतात, मंडळात भरतो आणि मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार अशा सोयी देते. मालक अनेक असले तरी कामगाराला सामाजिक सुरक्षा देता येते, हे महाराष्ट्राने ॲप येण्याच्या कितीतरी आधी करून दाखवले आहे. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातील पहिला राज्य कायदा केला, त्यातील नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावरचे शुल्क ही रचना याच जातकुळीची आहे.

९. नवी संहिता काय देते आणि काय देत नाही

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ॲग्रिगेटर कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र ती रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी अशी वरची मर्यादा आहे. समजा, एका कंपनीची उलाढाल १०० कोटींची आहे आणि ती कामगारांना २० कोटी देते. उलाढालीच्या २ टक्के म्हणजे २ कोटी होतात, पण २० कोटींच्या ५ टक्के १ कोटीच होत असल्याने कंपनीची जबाबदारी १ कोटीवर थांबते. या निधीतून अपघात, आरोग्य, प्रसूती, वृद्धापकाळ यांसाठी योजना आखायच्या आहेत.

संहितेने गिग कामगाराला कामगार म्हणून ओळख दिली, पण नोकरदाराचा दर्जा दिलेला नाही. त्यामुळे किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, भरपगारी रजा हे हक्क त्याला लागू होत नाहीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबर कंपनीच्या खटल्यात तेथील चालकांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क असल्याचे मान्य केले. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी घालते आणि गुणांच्या आधारे नियंत्रणही तीच ठेवते, या वस्तुस्थितीकडे न्यायालयाने पाहिले. भारतातही या प्रश्नाचा निर्णय कराराच्या शब्दांवरून न होता प्रत्यक्ष व्यवहारावरून व्हायला हवा.

लाभासाठी पहिली पायरी म्हणजे ई-श्रम पोर्टलवरील नोंदणी. हे पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले; आधार आणि मोबाईल क्रमांकाच्या साहाय्याने तेथे बारा आकडी क्रमांक मिळतो आणि अडचण आल्यास १४४३४ या क्रमांकावर विचारता येते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्लॅटफॉर्म कामगारांना ओळखपत्र आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत समावेश जाहीर झाला असून त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. केंद्राने ३० डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम झालेले असावे अशी अट सुचवलेली आहे. अशी अट घातली गेली की केलेल्या प्रत्येक दिवसाचा पुरावा हाच हक्काचा पाया ठरतो.

१०. कामगाराच्या हातातील नोंद

विडी कामगाराच्या बाबतीत ओळखपत्राने आणि माथाडीच्या बाबतीत मंडळातील नावाने जे काम केले, ते ॲपवरच्या कामगारासाठी त्याची स्वतःची नोंद करू शकते. एका साध्या वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात: ॲप चालू केल्याची आणि बंद केल्याची वेळ, मीटरवरचे सुरुवातीचे व शेवटचे किलोमीटर, ऑर्डरींची संख्या व मिळालेली रक्कम, पेट्रोल व दुरुस्तीचा खर्च आणि कंपनीची भरलेली रोकड. आठवड्याला कमाईच्या पडद्याचे छायाचित्र मोबाईलबाहेर, ई-मेलवर किंवा घरच्या दुसऱ्या मोबाईलमध्ये, साठवून ठेवावे. कारण आयडी बंद झाला की आतला सारा इतिहासही हातातून जातो. महिनाअखेर झिजेची रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकावी. पहिला महिना असा लिहून काढल्यावर तासाची निव्वळ कमाई पदरात पडणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही कामापेक्षा कमी भरत असेल, तर हे काम पूर्णवेळ न धरता जेवणाच्या गर्दीच्या तासांपुरतेच ठेवावे.

या वहीचा उपयोग घरापुरता राहत नाही. दहा रायडरांनी आपल्या वह्या एकत्र ठेवल्या की दर कधी उतरले, रिकामे अंतर किती वाढले आणि वाट पाहण्यात किती तास गेले हे आकड्यांनिशी मांडता येते, आणि कामगार आयुक्तालयापुढे असो वा लोकप्रतिनिधीपुढे, आकड्यांनिशी मांडलेले गाऱ्हाणे डावलणे कठीण जाते. माथाडी कायदा देणाऱ्या राज्याने गिग कामगारांना मंडळ, लेव्ही आणि आयडी बंद करण्यापूर्वी सुनावणी हे तिन्ही हक्क द्यावेत ही मागणी न्याय्य आहे. कुंभारीची घरे मिळवणाऱ्या स्त्रियांनी आधी आपण कामगार आहोत हे कागदावर सिद्ध केले आणि मग घर मागितले. सोलापूरच्या रस्त्यांवर दिवसभर धावणाऱ्या तरुणांनीही त्याच क्रमाने जावे: आधी स्वतःचा हिशेब, मग नोंदणी आणि मग संघटना.